बाईंचं अर्धं पाऊल

बसथांब्यावर बाई कधी नुसत्या उभ्या राहिल्या नाहीत. टाचा जुळलेल्या, चवडे दोन दिशांना, गुडघे बाहेर वळून जरासे वाकलेले. रांगेतल्या लोकांना वाटे, या म्हातारीला घर गाठायची काही वेगळीच निकड आहे, आणि कोणीतरी भला माणूस म्हणे, "आजी, तुम्ही पुढं व्हा." बाई पुढं होत. जन्मभर नाच केल्याचा हा एक रोकडा फायदा, असं त्या नवऱ्याला सांगत.

घरातही तेच. कपाटाचं दार त्या कमरेनं लावत आणि ते तालात लागे. चहा उकळेपर्यंत ओट्याशी उभ्या उभ्या पायांची बोटं काहीतरी मोजत असत. नवऱ्यानं भाजीवर वरून मीठ घ्यायला हात पुढं केला, की बाईंची डावी भुवई वर चढे आणि मीठ जिथल्या तिथं राही. नवरा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला. जमिनीखालच्या नळांची गळती शोधण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. तो म्हणे, "आमच्या घरात भांडण झालेलं शेजाऱ्यांना कधी कळलं नाही. एकतर्फी असतं, आणि तेही भुवईनं."

बाईंचा क्लास सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या लांबट हॉलमध्ये चाले. खाली पंक्चर काढली जात, वर चुका. वरच्या मुलींनी एकदम पाय मारले की खाली चुन्याचा भुगा पडे, आणि सायकलवाला दचकलेल्या गिऱ्हाइकाला सांगे, "घाबरू नका, तालात आहे." बाई बुटक्या स्टुलावर बसत. पुढ्यात लाकडी पाट, हातात काठी. काठी पाटावर पडे, तोंडानं बोल चालत, आणि बोलांच्या मधल्या फटींतून सूचना येत. "तैया तै, ढोपरं बाहेर, तैया तै, ढोपरं म्हटलं, पोट नव्हे."

सांगायची गोष्ट एवढीच की बाईंना करता येई, शिकवता येई. पण 'असं का' कोणी विचारलं तर त्या पुन्हा करून दाखवत. दुसरं उत्तर त्यांच्यापाशी नव्हतं. जुने ग्रंथ वाचलेली मंडळी परिसंवादांना जमत, तेव्हा बाईंनाही बोलावणं येई. "आता बाई दोन मिनिटं करून दाखवतील," असं कोणीतरी म्हणे. बाई करत. मग ग्रंथवाले त्यावर तासभर बोलत. जेवणात तोंडी लावायला काहीतरी लागतं, तसं आपलं इथं आहे, हे बाईंनी ओळखलं होतं. त्याचा राग नव्हता. पण मागच्या रांगेत बसून खुर्च्यांखालच्या बुटांच्या गर्दीकडे बघताना कधी कधी वाटे, या एवढ्या शब्दांत आपल्या पायाचा एखादा तरी शब्द असावा.

तसा एक होता. निदान त्यांना तसं वाटत आलं होतं.

एका रचनेत उजव्या कोपऱ्याकडे चार पावलं जायचं असतं. बाकीच्या जगात चारही पावलं सारखी पडतात. बाईंचं तिसरं अर्धंच पडे. तिथं मान किंचित कलती होई, नजर पायापुढच्या जमिनीवर उतरे, क्षणभर टेके, आणि मग चौथं पाऊल लांब जाई, मधलं काहीतरी ओलांडून गेल्यासारखं. ताल केसानंही हलत नसे. कित्येक वर्षांपूर्वी वर्तमानपत्रात एकानं लिहिलं होतं की ही नर्तिका जमिनीला विचारून पाऊल टाकते. नवऱ्यानं ते कात्रण चौकटीत घालून हॉलमध्ये दिव्याच्या बटणांच्या बरोबर वर लावलं, म्हणजे दिवा लावणाऱ्याला ते वाचल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मुली त्या पावलाला 'बाईंचं अर्धं' म्हणत. परगावच्या कार्यक्रमात एखादी मुलगी उजवीकडे निघाली आणि तिचं तिसरं पाऊल अर्धं पडलं, की जाणकार कुजबुजत, "ही बाईंची."

ते पाऊल बाईंनी मास्तरांकडून घेतलं होतं. मास्तर म्हणजे त्यांचे गुरू. त्यांची खोली इतकी लहान की एकावेळी एकीनंच नाचायचं आणि बाकीच्यांनी भिंतीला पाठ लावून बघायचं. मास्तर फार बोलत नसत. खरं तर एकच शब्द बोलत: "पुन्हा." चुकलं तरी पुन्हा, बरोबर आलं तरी पुन्हा. कशासाठी पुन्हा, हे ज्याचं त्यानं शोधायचं.

भाची या गोष्टीत शिरली ती संगणक आणि कॅमेरा घेऊन. थोरल्या बहिणीची मुलगी. लहानपणी ती बाईंकडे शिकायला येत असे आणि प्रत्येक पावलाला थांबून विचारत असे, "मावशी, पण असंच का?" शेवटी एक दिवस बाई म्हणाल्या, "तुझं डोकं पायांच्या पुढं धावतं गं. दोघांपैकी एकाला घरी ठेव." मुलीनं पाय घरी ठेवले आणि डोकं विद्यापीठात नेलं. आता ती नृत्यावरच पीएचडी करत होती, आणि तिच्या प्रबंधातलं एक आख्खं प्रकरण बाईंच्या अर्ध्या पावलावर होतं.

तिनं हॉलमध्ये कॅमेरा जमिनीला चिकटवून ठेवला. बाईंचे पाय संगणकावर मोठे मोठे करून बघितले. "मावशी, तुझ्या अंगठ्याला काय झालंय?" "काही नाही, म्हातारा झालाय. पुढं बघ." महिनाभरानं भाचीनं आपलं म्हणणं मांडलं. नाच सुरू करण्याआधी आपण जमिनीला नमस्कार करतो, तुझ्यावर पाय मारणार आहोत, माफ कर, म्हणून. तो नमस्कार तिथं संपत नाही. नाच ऐन रंगात आल्यावर तो पुन्हा एकदा येतो, त्या अर्ध्या पावलात. जुन्या ग्रंथांत नजरेचे प्रकार आहेत, त्यांत जमिनीकडे उतरलेली नजर आहे. दगडी मूर्तींत तशा कलत्या माना आहेत. म्हणजे बाईंच्या पायात फार जुनं काहीतरी जिवंत राहिलं आहे.

बाईंनी हे ऐकलं आणि उठून चहा टाकला. पायांची बोटं मोजायची थांबली होती. आपले पाय काय बोलतात ते पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना वाचून दाखवलं होतं. पुढच्या आठवड्यात त्यांनी ते शेजारणीला सांगितलं, सायकलवाल्याला सांगितलं, दूध घालणाऱ्यालाही सांगितलं. दूधवाला म्हणाला, "मग काय तर. जमिनीला विचारायलाच पाहिजे." बाईंना तो माणूस एकदम सुसंस्कृत वाटला.

भाचीच्या मार्गदर्शकांना मात्र एवढ्यानं भागेना. त्यांनी विचारलं, आधार काय? मास्तर असं काही म्हणाले होते का?

"मास्तर 'पुन्हा' म्हणाले होते," बाई म्हणाल्या.

"ते तळटीपेत कसं घालू?" भाची म्हणाली. "मावशी, मला मास्तरांची खोली बघायचीय. निदान जागा मोजते, कोपरे कुठं होते ते लिहिते."

"मास्तर गेले, खोलीही गेली. आता तिथं लाँड्री आहे."

"भिंती तर त्याच असतील ना?"

भिंती त्याच होत्या, पण शर्टांच्या मागं गेल्या होत्या. जिथं मुली पाठ टेकून बसत तिथं तारेच्या हँगरवर रांगेनं शर्ट लटकत होते, बिनडोक्याचे प्रेक्षक बसावेत तसे. मास्तर जिथं पाट मांडत तिथं इस्त्रीचं टेबल होतं, आणि वाफेला गरम सुताचा वास होता. लाँड्रीवाला कपड्यांना चिठ्ठ्या टाचत होता. भाचीनं खोली मोजायची परवानगी मागितली तेव्हा तो म्हणाला, "मोजा की. विकत मागू नका म्हणजे झालं."

मोजून झाल्यावर भाचीनं कॅमेरा काढला. "मावशी, एकदाच. इथं."

"या कपड्यांत?"

"त्यांना कळतंय थोडंच."

बाईंनी पदर खोचला, वाकून जमिनीला नमस्कार केला. लाँड्रीवाल्यानं घाबरून आपला पाय बाजूला घेतला. बाई अर्ध्या बैठकीत उतरल्या आणि तोंडानं बोल म्हणत उजव्या कोपऱ्याकडे निघाल्या. एक, दोन, एका शर्टाची बाही गालावरून गेली, तिसरं अर्धं, नजर खाली, आणि चौथं लांब. इतकं नेमकं ते हॉलमध्येही कधी पडलं नव्हतं. जणू पावलाला आपलं माहेर सापडलं. बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

लाँड्रीवाला म्हणाला, "छान करता हो." आणि धुतलेल्या चादरींची चळत छातीशी धरून तो काउंटरकडून टेबलाकडे निघाला. एक पाऊल, दुसरं पाऊल. तिसरं अर्धं पडलं. मान जराशी कलती झाली, नजर चादरींच्या कडेवरून जमिनीवर उतरली, आणि चौथं पाऊल लांब गेलं.

बाईंचं पाणी डोळ्यांतच थांबलं.

तेवढ्यात आपला कोट शोधायला एक गिऱ्हाईक आत आलं. जाडजूड गृहस्थ, हातात छत्री. तेही उजव्या कोपऱ्याकडे गेले. तिसरं अर्धं, नजर खाली, चौथं लांब. आणि कोट घेऊन निघून गेले.

"हे तुम्ही काय करता?" भाचीनं लाँड्रीवाल्याला हळूच विचारलं.

"इस्त्री."

"ते नाही. चालताना. ते पाऊल."

"ते होय. अहो, तिथली फरशी सैल आहे. पाय पडला की टकदिशी वाजते, आणि खाली ओल असली तर पिचकारी उडते. पांढऱ्या चादरीवर उडली की झालंच. माझ्या आधीपासूनची आहे ती. नेहमीच्या गिऱ्हाइकांना ठाऊक आहे."

भाचीनं पुढं होऊन चवड्यानं ती फरशी दाबली. टक्.

बाईंनी तो आवाज जन्मात ऐकला नव्हता. त्या खोलीत त्या हजार वेळा नाचल्या असतील, पण त्या फरशीवर त्यांचा पाय एकदाही पडला नव्हता. पडणार कसा? मास्तरांकडे त्यांच्या आधीपासून शिकणारी थोरली मुलगी तसं पाऊल टाकायची, तिचं बघून त्या टाकत आल्या. जिच्यावर कोणी पायच दिला नाही ती सैल आहे हे कोणाला कळावं?

"नीट दाब," बाई म्हणाल्या.

भाचीनं पुन्हा दाबली. टक्.

परतताना बसथांब्यावर बाई सरळ उभ्या होत्या, चारचौघांसारख्या. कोणीही त्यांना पुढं जागा दिली नाही.

घरी आल्यावर नवरा ऐकता ऐकता हसू लागला, आणि भुवई दिसली तेव्हा खोकला आल्यासारखं करून त्यानं हसू दाबलं. मग सांत्वन म्हणून म्हणाला, "अगं, पाण्याचंही असंच असतं. वाटेत दगड आला की वळण घेतं. पुढं दगड काढला तरी वळण राहतं."

"मी नळ नाही," बाई म्हणाल्या.

भाचीचं मात्र भलतंच झालं होतं. तिचे डोळे चमकत होते. "काका, बघा कसं झालं असेल. थोरलीचा पाय फरशीवर पडायचा, तालाच्या मधेच टक् व्हायचं. मास्तरांचा कान तो, सहन होईना. आता ते 'फरशी चुकव' म्हणाले असतील का? ते 'पुन्हा' म्हणाले असतील. ती टक् बंद होईपर्यंत 'पुन्हा'. आणि तिला ज्या दिवशी जमलं त्या दिवसापासून ते पाऊल सगळ्यांचं झालं. मावशी, हे तर माझ्या आधीच्या प्रकरणाहून भारी आहे."

"भारी?" बाई म्हणाल्या. "मी आणि लाँड्रीवाला एकाच घराण्यातले निघालो, हे तुला भारी वाटतं?"

"आणि तो छत्रीवाला," नवरा म्हणाला. भुवई पुन्हा वर गेली.

पंधरवड्यावर परिसंवाद येऊन ठेपला होता. भाची तिथं ते प्रकरण वाचणार होती आणि बाई करून दाखवणार होत्या. या वेळी तोंडी लावायला नव्हे, ताटाच्या मधोमध. अध्यक्षस्थानी ज्या यायच्या होत्या त्या प्राध्यापिकाबाईंचं नाव काढलं की ग्रंथवाले सावरून बसत. आणि त्या सगळ्यांसमोर आता सांगायचं काय, तर आयुष्यभर एक फुटकी फरशी चुकवत आले?

"फरशीचं नाव काढायचं नाही," बाईंनी भाचीला बजावलं.

"मग नमस्काराचं वाचू? खोटं आहे हे माहीत असताना?"

"खोटं नको वाचूस. खरंही नको वाचूस."

प्रकरणातून ते काढलं तर प्रकरणाला पायच उरत नव्हते, आणि मार्गदर्शकांची मुदत डोक्यावर होती. पण भाची म्हणाली, "ठीक आहे. फरशी तुझी आहे. मी पाऊल कसं पडतं तेवढंच वाचते. कुठून आलं ते तू सांग, नाहीतर नको सांगूस. तू जे सांगशील ते मी लिहीन."

आपल्यावरच टाकलेलं हे ओझं बाईंना भुवईनं परतवता आलं नाही.

त्यांनी मग सोपा मार्ग धरला. फरशी चुकवण्याचं पाऊल ना ते? मग टाकूनच देऊ. चारही पावलं सारखी टाकू, म्हणजे प्रश्नच उरणार नाही. हॉलचं दार लावून घेऊन त्या रोज दुपारी बसवायला लागल्या. नवरा स्टुलावर बसून काठी चालवी. एक, दोन, आणि तिसरं आपलं अर्धं. बाई थांबत, पायाकडे बघत. घरातलं मांजर मुद्दाम चुकीच्या खोलीत जाऊन बसावं आणि वर बघावं, तसा तो पाय त्यांच्याकडे बघे.

"नजर वर ठेवून बघ," नवरा म्हणाला. नजर छताला लावली, पाऊल अर्धं पडलं.

"माझा हात धर, मी ओढतो." त्यानं ओढलं. दोघांचंही तिसरं पाऊल अर्धं पडलं.

"तुम्हाला काय झालं?" बाई म्हणाल्या.

"संगत," नवरा म्हणाला.

शेवटी एका दुपारी दात ओठ खाऊन बाईंनी ते केलं. चारही पावलं सारखी पडली. पण तिसऱ्यानंतर चौथ्याला कुठं जायचं ते कळेना, खांदे ताठरले, आणि कोपऱ्यात पोचल्यावर बाई भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या.

"कसं दिसलं?" त्यांनी विचारलं.

नवरा सहसा नाचाबद्दल बोलत नसे. गळतीवाल्यानं गळतीबद्दल बोलावं. पण आता त्यानं काठी खाली ठेवली. "खरं सांगू? बस पकडायला निघाल्यासारखं."

बाईंना राग आला नाही. त्यांनाही तसंच वाटलं होतं.

परिसंवादाचं सभागृह गच्च भरलं होतं. अध्यक्ष प्राध्यापिकाबाई उंच, वाळक्या, हातात चालायची काठी. एके काळी स्वतः नाचलेल्या. आता गुडघ्यांनी रजा घेतली होती. भाचीनं छान वाचलं. पाऊल किती लांब, नजर कुठं, मान कशी, ताल कसा राखला जातो. मग तिनं कागद खाली ठेवले. "याचं मूळ मी सांगत नाही. बाई करून दाखवतील."

बाई उठल्या. आज सारखी चार, असं त्यांनी मनाशी घोकलं होतं. मंचाची लाकडी जमीन गुळगुळीत, एक फट नाही. त्या उजवीकडे निघाल्या आणि पायानं त्यांना विचारलंदेखील नाही. तिसरं अर्धं पडलं, नजर उतरली, चौथं लांब गेलं. सभागृहात कोणीतरी 'वा' म्हणालं.

"हे तिसरं पाऊल," अध्यक्षांनी विचारलं, "कुठून आलं?"

एक शब्द पुरला असता. 'परंपरेतून.' सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या आणि चहा झाला असता. बाईंनी भाचीकडे बघितलं. ती कागदांच्या कडा जुळवत बसली होती, कान लाल झाले होते, आणि वर बघत नव्हती. लहानपणी ती अशीच बसायची, 'असंच का' विचारून ओरडा खाल्ल्यावर. तेव्हा उत्तर नव्हतं म्हणून पोरीला घालवून दिली. आता उत्तर होतं, तर ते दाबून तिच्याच हातानं 'परंपरा' लिहवून घ्यायची होती.

"लाँड्रीतून," बाई म्हणाल्या.

सभागृहाला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. मग बाईंनी सगळं सांगितलं. त्यांना भाषण येत नव्हतं, म्हणून त्या करून दाखवत सांगत होत्या. लाँड्रीवाला आणि त्याची चादरींची चळत केली. छत्रीवाले गृहस्थ केले, पोटासकट. भाचीचा चवडा आणि टक्. शब्द थोडे, बाकी अंगानं. माणसं खुर्च्यांवरून पुढं सरकून हसत होती, आणि मागच्या रांगेत नवरा हसू नये तेवढा हसत होता.

अध्यक्ष हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "फरशी आहे हे तुम्हाला माहीतच नव्हतं. मग इतकी वर्षं खाली बघत होतात ते कशाकडे?"

हा प्रश्न बाईंना कोणी केला नव्हता. स्वतः त्यांनीही नाही. त्या नेहमीसारख्या उभ्या राहिल्या, टाचा जुळलेल्या, चवडे दोन दिशांना.

"मी लहान होते," त्या म्हणाल्या. "भिंतीशी बसून थोरलीचं बघायची. ती तिथं आली की खाली बघायची, असं, अगदी हळू. मला वाटायचं, तिला तिथं काहीतरी दिसतंय. मला दिसत नव्हतं. वाटायचं, तिच्यासारखं नाचता आलं की दिसेल. म्हणून बघायची. मग सवयच लागली, दर वेळी बघायचं, आज दिसतंय का."



"आणि दिसलं?" अध्यक्षांनी विचारलं.

"दिसलं ना. साठी उलटल्यावर. फरशी."

आता अध्यक्षांना हसू आवरेना. त्या काठी टेकत उभ्या राहिल्या. "तुम्ही बोललात तर मीही बोलते. आमच्या गुरुजींच्या खोलीत पंखा फार खाली होता. आमच्या शाळेत हात कधी कानाच्या वर जात नाहीत. त्यावर मी एक जाडजूड ग्रंथ लिहिलाय."

"काय लिहिलंत?" बाईंनी खऱ्या उत्सुकतेनं विचारलं.

"विनय."

"आणि पंखा?"

"पुढच्या आवृत्तीत."

भाचीनं प्रकरण नव्यानं लिहिलं. त्यात नमस्कार राहिला, पण एका कोपऱ्यात. मधोमध फरशी आली, आणि थोरलीकडे बघत भिंतीशी बसलेली एक मुलगी आली. मार्गदर्शकांनी ते वाचून परत पाठवलं तेव्हा समासात एकच शेरा होता, लाँड्रीवाल्याचे आभार मानायचे राहिलेत, असा. आभार कळवायला बाईंचा नवराच गेला, येताना इस्त्रीची साडी घेऊन आला आणि बातमीही. लाँड्रीवाल्यानं गवंडी बोलावून फरशी पक्की बसवून घेतली होती. पण त्याचा स्वतःचा पाय अजून अर्धाच पडत होता. तो म्हणत होता, बाईंना विचारा, यावर काही औषध आहे का.

"त्याला म्हणावं, मंगळवार-शुक्रवार क्लास असतो," बाई म्हणाल्या.

त्याच शुक्रवारी ती रचना नव्या मुलीला शिकवायची वेळ आली. मुलगी पुढचे दोन दात पडलेली. हॉलमध्ये तिला सगळ्या दातपडकीच म्हणत, आणि तीही ओ देत असे. मागं मोठ्या मुली ओळीनं उभ्या होत्या आणि आता बाई काय करतात ते बघत होत्या. अर्धं ठेवायचं की टाकायचं, यावर त्यांची आपापसात पैज लागली होती.

बाई स्टुलावरून उठल्या. खडू न घेता, बोटानंच, त्यांनी हॉलच्या उजव्या बाजूला जमिनीवर एक चौकोन दाखवला. "इथं एक फरशी सैल आहे."

दातपडकीनं वाकून ती जागा बोटांनी वाजवून बघितली. "नाहीये, बाई. पक्की आहे."

"परवा आपण हरीण केलं. हरीण होतं का इथं?"

"नव्हतं."

"मग तुला कसं दिसलं?"

"तुम्ही बघितलंत म्हणून."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तशीच ही. पाय पडला की वाजते. वाजली की ताल गेला. बघ, आणि मग जा." आणि त्यांनी एकदा करून दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा, तिथं काय आहे ते माहीत असून.

काठी पाटावर पडू लागली. दातपडकी निघाली. मागून मोठ्या मुलीही निघाल्या, त्यांना सगळं पाठ होतं. एक, दोन, छोट्या पायाचं तिसरं पाऊल अर्धं पडलं, मान कलती झाली, डोळे जमिनीवर उतरले आणि मोठे झाले, आणि मग जमेल तेवढं लांब चौथं.

कोपऱ्यात पोचताच ती गर्रकन वळली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय झालं?" बाईंनी काठी थांबवली.

"वाजली."

"कशी वाजेल? तू तर ओलांडलीस. मी बघितलं."

"माझ्या पायानं नाही," दातपडकी म्हणाली, आणि तिनं मागच्या सगळ्यांत उंच मुलीकडे बोट दाखवलं. "ताईनं बघितलंच नाही खाली. तिचा पाय पडला."

उंच मुलीनं ओशाळून आपल्या पायाकडे बघितलं, मग बाईंकडे. बाईंनी काठी उचलली.

"पुन्हा," त्या म्हणाल्या.